श्रीरंग टेहळे आणि बाहेरची कडी

होळी आटोपली की आमच्या प्रताप नगरात घरोघरी कूलर बाहेर निघतात. वर्षभराची धूळ झटकायची, जुनी ताटी फेकायची, नवी खस भरायची, पंप चालतो का पाहायचं, आणि तो चालत नाही हे कळल्यावर घरातल्या पुरुषमाणसानं 'मागच्या वर्षी तर चालत होता' असं म्हणायचं. दरवर्षी हे ठरल्यासारखं होतं. ओल्या खसचा पहिला वास आला की कुणाला आमरस आठवत असेल, कुणाला आजोळ. मला लाल शाई आठवते. आणि एक लोखंडी कडी.

मी मराठीची शिक्षिका, आता निवृत्त. भुताखेतांवर माझा विश्वास नाही, अमावस्येला मी खुशाल बाहेर पडते. पण एप्रिल-मेमधली दुपार मला सोसत नाही. एक वाजला की रस्ते ओस पडतात, पडदे ओढले जातात. स्कूटरवरून एखादी पोरगी डोक्यातोंडाला दुपट्टा गुंडाळून जाते, ती कोणाची हे तिच्या आईलाही ओळखू येऊ नये. घराघरातून कूलर घरघरत असतात. त्या घरघरीत शेजारच्या घरातून कुणी हाक मारली तर ती ऐकू येत नाही. ही गोष्ट मला फार उशिरा कळली, इतकंच.

श्रीरंग टेहळे हे नाव आज चाळिशीत असलेल्या पुष्कळांना आठवत असेल. 'सातवी ब'ची पुस्तकं. चार पोरं, दोन सायकली, एक गूढ, आणि शेवटच्या पानावर पकडलेला चोर. परीक्षा संपायला आणि नवं पुस्तक दुकानात यायला एकच गाठ पडायची. टेहळेकाका कसे दिसत असतील यावर पोरांच्या पैजा लागायच्या. मिशा आहेत, मिशा नाहीत, एक डोळा काचेचा आहे. आमच्या शाळेतल्या एका मुलानं तर मला छातीठोकपणे सांगितलं होतं की टेहळेकाका त्याच्या मामाच्या गल्लीत राहतात. मी म्हटलं, 'असतील बाबा.' काय सांगणार त्याला? टेहळेकाका नव्हतेच. त्या नावाखाली आम्ही तीन माणसं होतो, आणि त्या तिघांतली एक त्याला दर सोमवारी व्याकरण शिकवत होती.

हा सगळा कारखाना आमच्या प्रकाशकांचा, वामनरावजींचा. धरमपेठेत तळमजल्यावर त्यांच्या दोन खोल्या होत्या, पुढे पुस्तकांचे गठ्ठे, मागे त्यांची खुर्ची. गोष्टीचा सांगाडा ते स्वतः रचायचे. मग तो सांगाडा शहराबाहेरच्या कळमेश्वर गावाला जायचा, तिथं गोष्ट लिहिली जायची, आणि लिहिलेले कागद माझ्याकडे यायचे. माझं काम सगळं एकजीव करण्याचं. पुस्तक कुणीही लिहो, वाचताना ते टेहळेंचंच वाटलं पाहिजे. वामनरावजी आम्हाला नावानं हाक मारायचे नाहीत, ठिकाणावरून मारायचे. मी गेले की म्हणायचे, "या प्रताप नगर, बसा. कळमेश्वर येऊन पडलं आहे कालच." लेखकांनी एकमेकांना भेटायचं नाही हा त्यांचा कडक नियम होता. "भेटले की भांडतात, अन् भांडले की नाव फुटते," असं त्यांचं म्हणणं. मी चारपाच वर्षं कळमेश्वरचं अक्षर वाचलं. ते बाईचं आहे की पुरुषाचं, हेसुद्धा मला ठाऊक नव्हतं.

खरं सांगायचं तर मला ते नाव फार आवडायचं. माझं आडनाव सांगितलं की समोरच्याच्या चेहऱ्यावर अर्धा क्षण काहीतरी हलतं आणि मग तो जास्तच गोड बोलू लागतो. आमच्या वडिलांनी दीक्षाभूमीवर दीक्षा घेतली तेव्हापासून आमच्या घरात सगळ्यांनी तो अर्धा क्षण पाहिलेला आहे. टेहळेंना तो नव्हता. टेहळे कुणाचेही होते. पोरांची पत्रं यायची, 'टेहळेकाका, तुम्हाला सगळं कसं काय कळतं?' आणि मी ऐटीत उत्तर लिहायची, 'डोळे उघडे ठेवले की सगळं कळतं.' खाली सही, श्रीरंग टेहळे. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

एकजीव करायला एक वही होती. तिला आम्ही कुंडली म्हणायचो. नंदूच्या डाव्या भुवईवर व्रण, नंदूची आई नोकरीला, नंदूला पालीची भीती, नंदू चहा पीत नाही. कुंडलीत नसेल ते पुस्तकात यायचं नाही, आलं तर मी काढायचं. आणि कुंडलीच्या पहिल्याच पानावर वामनरावजींनी ठसठशीत लिहिलं होतं की सातवी बची पोरं घरी एकटी असली की दाराला आतून कडी लावतात. लहान मुलं वाचणार, त्यांना चांगलं वळण लागलं पाहिजे. त्यात चूक काहीच नव्हती. आजही मी माझ्या नातीला तेच सांगते.

ज्या उन्हाळ्याबद्दल मी लिहितेय, त्या एप्रिलमध्ये माझ्या टेबलावर डावीकडे सहावीच्या उत्तरपत्रिका होत्या आणि उजवीकडे कळमेश्वरचे कागद. पेन एकच, लाल. दुपारी शाळेतून यायचं, डोक्यावर ओला पंचा टाकायचा आणि बसायचं. पंख्याची हवा इतकी गरम की कागद वाळून कडकड वाजायचे. उत्तरपत्रिकांत पोरं ज्या चुका करतात त्याच कळमेश्वर करतं, अशी माझी तक्रार होती. एक चूक तर हटकून. नंदू घरी एकटा असला की त्याच्या दाराला कडी बाहेरून असायची. एका पुस्तकात आई जाताना लावून गेली, एकात काका लावून गेले, एकात कुणी लावली ते सांगितलंच नव्हतं. मी दर वेळी 'बाहेरून' खोडून 'आतून' करायची. समासात एकदा चिडून लिहिलंसुद्धा, 'कुंडली पाहत चला.'

त्या वर्षीच्या कागदांत तर कळमेश्वरनं कमालच केली. चोर बाजूला राहिला, गूढ बाजूला राहिलं, आणि तीन पानं नुसता नंदू खोलीत. बाहेरून कडी. खिडकीला जाळी. माठातलं पाणी दुपारपर्यंत संपतं. तो भिंतीला कान लावतो, पलीकडच्या घरात कूलर चालू आहे. तो हाक मारतो, मग पुन्हा मारत नाही. आणि एक वाक्य होतं. 'काही झालं तर दार कोण उघडेल?' मला आठवतं, ते वाक्य वाचून मी थांबले होते. थांबले, म्हणून तर आजवर झोंबतंय. मग माझ्यातली शाळेची बाई जागी झाली. लहान मुलांच्या पुस्तकात हे काय, पोरं घाबरतील. मी तिन्ही पानांवर तिरकी रेघ मारली आणि वर माझ्या सुवाच्य अक्षरात एकच ओळ लिहिली. 'नंदूने दाराला आतून कडी लावली आणि तो निश्चिंतपणे अभ्यासाला बसला.'

निश्चिंतपणे हा शब्द माझा. कुंडलीतही तो नव्हता.

ते बाड द्यायला मी धरमपेठेत गेले तेव्हा ऊन मी म्हणत होतं. वामनरावजींच्या समोर एक गृहस्थ बसले होते. इस्त्रीचा शर्ट, मांडीवर कापडी पिशवी, पिशवीत कागद. बोलणं मऊ. मीच त्यांना माठातलं पाणी दिलं. वामनरावजी जरा गडबडले, कारण नियम मोडला होता, कळमेश्वरचं माणूस आणि प्रताप नगर एका खोलीत आले होते. मला वाटलं हेच लेखक. मी म्हटलं, "तुम्ही छान लिहिता." ते हसले. "मी नाही जी, मंडळी लिहिते आमची. मी फक्त आणून देतो, हप्त्याच्या सुट्टीले. कंपनीत असतो मी, एमआयडीसीत." मी विचारलं, वाचता का तुम्ही? "लेकरांची पुस्तकं, मी काय वाचू?" मग मी, अशीच, बोलायचं म्हणून म्हटलं की एकदा त्यांना घेऊन या. त्यांनी पेला खाली ठेवला. "तिले बाहेर यायची आवडच नाही. घरी एकटी राहते, दिवस चांगले नाहीत. काळजी घ्यावी लागते." वामनरावजी 'हो ना, हो ना' म्हणाले. मीही म्हटलं असेन. घरी येताना माझ्या मनात आलं की किती काळजी घेणारा नवरा आहे.

पुढल्या वेळी पाकीट आलं त्यातलं अक्षर निराळं होतं. गोल, टपोरं, घाईचं. मी विचारलं तर वामनरावजी म्हणाले, "कळमेश्वर बदललं. तुम्ही काहून विचारून राहिल्या?" मी पाकीट घेऊन घरी आले. नवीन माणूस कुंडली नीट पाहत होतं, दाराच्या कड्या सगळ्या आतून होत्या, माझं काम हलकं झालं. त्या सुट्टीतही पुस्तक वेळेवर दुकानात आलं. पोरांची पत्रं तशीच आली. एखादं माणूस घरातून गेलं तर दारात चपला कमी होतात, पानं कमी मांडली जातात, काहीतरी कळतं. टोपणनावाला सुतक नसतं. श्रीरंग टेहळे त्यानंतर कितीतरी वर्षं लिहीत राहिले, आणि त्यांच्यातली एक बाई कमी झाल्याचं एकाही वाचकाला कळलं नाही.

वामनरावजी जाऊन बरीच वर्षं झाली. या वर्षी, कूलर भरायच्याच आठवड्यात, त्यांची मुलगी मृणाल माझ्याकडे आली. 'सातवी ब' पुन्हा छापायची आहे. नवी चित्रं, नवं मुखपृष्ठ, आणि पुढे नवे भागही, त्यासाठी तिनं दोन पोरं शोधली आहेत. "नाव चालू राहिलं पाहिजे मॅडम, नावालेच किंमत आहे," ती म्हणाली. टेहळेंच्या नावानं छोटी प्रस्तावना मी लिहून द्यावी आणि जुन्या प्रतींवरून मजकूर तपासून द्यावा. माळ्यावर सापडलेला एक खोकाही तिनं आणला होता. त्यात मूळ हस्तलिखितं होती, वाळवीनं कडा खाल्लेली, आणि त्यांवर माझी लाल शाई जशीच्या तशी.

तेव्हा मी ती सहासहा महिन्यांच्या अंतरानं वाचली होती. आता एका आठवड्यात वाचली, दुपारी, पडदे ओढून. नऊ पुस्तकं. नऊही ठिकाणी बाहेरून. पहिल्यात फक्त कडी आहे. तिसऱ्यात कडीबरोबर कुलूप आलं. पाचव्यात खिडकीला जाळी ठोकली गेली. सातव्यात नंदू म्हणतो, 'आई, शेजारच्या काकूंशी बोलायचं बंद कर असं तुला कुणी म्हटलं का गं?' मी तिथं लिहिलं होतं, 'संदर्भ?' आणि नवव्यात ती तीन पानं, माझ्या तिरक्या रेघेखाली. लेकरांची पुस्तकं म्हणून जो माणूस वाचत नव्हता, त्याच्याच हातून, त्याच्याच पिशवीतून ती कडी दर वेळी धरमपेठेपर्यंत पोचत होती. तिथून पुढे फक्त मी होते.

मृणालकडून पत्ता घेतला. वामनरावजींच्या जुन्या वहीत 'कळमेश्वर' या शब्दासमोर सुमन असं नाव होतं आणि गल्ली लिहिली होती. "एवढ्या उन्हात काहून जाऊन राहिल्या तुम्ही? फोन नंबर काढते मी," मृणाल म्हणाली. तीस वर्षांनी वरातीमागून घोडं निघालं होतं, ते आणखी थांबवण्यात अर्थ नव्हता. ती बाई जिवंत आहे का, एवढंच मला पाहायचं होतं. बसमध्ये मी मनाशी सगळ्या शक्यता मांडून पाहिल्या. प्रत्येकीचा शेवट एकाच दाराशी होत होता.

कळमेश्वरला उतरले तेव्हा बारा वाजून गेले होते. गल्ली सापडली, घर सापडलं. दार उघडंच होतं. माझ्याच वयाची, बारीक चणीची बाई चौकटीत बसून तांदूळ निवडत होती. मी म्हटलं, "सुमनताई का? मी प्रताप नगर." तिचा हात सुपात थांबला. पुस्तकांच्या प्रती पाठवताना वामनरावजी आत चिठ्ठी टाकायचे, 'दुरुस्ती, प्रताप नगर', ते तिला पाठ असणार.

"या," ती म्हणाली. "उन्हाच्या आल्या. पानी घ्या पहिले."

खोलीत खाटेवर तो बसला होता. मला तो शर्टच आधी ओळखू आला, अजूनही इस्त्रीचा. नजर मात्र कुठंच नव्हती. त्यानं मला विचारलं, "पाकीट आणलं?" सुमनताई म्हणाल्या, "त्याईले काही आठवत नाही आता. दार उघडं दिसलं की निघून जातात. मागच्या हप्त्यात पार कंपनीच्या गेटपाशी सापडले." नवऱ्याच्या खांद्यावरचा टॉवेल तिनं सारखा केला. हात हळू होता. मला ते पाहून बरं वाटलं, आणि बरं वाटल्याची लाजही वाटली.

मी माफी मागायला आले होते. वाक्यं तयार होती, शिक्षिकेची असतात. पण तिनं फळीवरून पुस्तकं काढली आणि माझ्या मांडीवर ठेवली. आठ पुस्तकांत तिनं पेन्सिलीनं माझं 'आतून' खोडून वर पुन्हा 'बाहेरून' लिहिलं होतं. बारीक, स्वच्छ. नववं मी उघडलं. 'निश्चिंतपणे अभ्यासाला बसला.' त्या पानावर पेन्सिलीची एक रेघसुद्धा नव्हती.

"सुमनताई, मला कळलं नाही," मी म्हटलं.

"वाचलं तर होतं तुम्ही," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. "न वाचनाऱ्यानं खोडलं नसतं. दर बारी पुस्तक येये, मी पयले तेच पान पाहो. म्हनो, कोनीतरी हाये तिकडे, बराबर त्याच जागी हात ठेवते. या बारी नाही तर पुढच्या बारी समजन. मग ते नववं आलं. म्हटलं, जाऊ दे."

मी विचारलं की मग ती कडी किती वर्षं. ती म्हणाली, ते रिटायर होईपर्यंत. एवढं बोलून तिनं तांदळातला एक खडा काढून दाराबाहेर टाकला. मी रडले. तिनं रडू दिलं, समजूत घातली नाही, आणि तेच योग्य होतं.

दोनला ती उठली. "चाला, अडीचची बस हाये. रस्ता दाखवतो तुम्हाले स्टँडपावतर." तिनं पदर डोक्यावर घेतला, नवऱ्याला म्हटलं, "येतोच मी," आणि आम्ही बाहेर आलो. मागे वळून तिनं दार ओढलं आणि बाहेरून कडी लावली. किती सवयीचा हात होता तो.

मी तिथंच थांबले. "ते आत आहेत ना," मी म्हटलं.

"हो मंग. दिवस चांगले नाहीत. काळजी घ्यावी लागते."

शब्द तेच, लकबही तीच, पेला खाली ठेवून म्हटल्यासारखी. "पण सुमनताई, काही झालं तर?"

तिनं माझ्याकडे पाहिलं. "काही झालं तर दार कोन उघडन," ती हळू म्हणाली. "हे मीच लिहिलं होतं. तुम्ही काटलं."

गल्लीत चिटपाखरू नव्हतं. समोरच्या घरात कूलर चालू होता, शेजारीही चालू होता. आतून तो दाराशी आल्याचं कळलं, आधी चपला, मग दारावर तळहात. "सुमन," तो म्हणाला. मग पुन्हा हाक मारली नाही. ती पुढे चालू लागली होती. मी कडीकडे पाहिलं. ती काढली तर तो उन्हात निघून जाईल, नाही काढली तर आत राहील. आणि ती काढणं म्हणजे या बाईनं लिहिलेलं मी दहाव्यांदा खोडणं. एवढं सगळं मला कळत होतं. तरी मी हात लावला. लोखंड इतकं तापलं होतं की बोटं भाजली, पण मी ती कडी ओढली आणि दार उघडलं. तो उंबऱ्यात उभा होता, डोळे मिचकावत.

सुमनताई वळल्या. नवऱ्याकडे त्यांनी पाहिलंच नाही. माझ्या हाताकडे पाहत राहिल्या.

"म्हणजे कडी काढता येते तुम्हाले," त्या म्हणाल्या.